बरण्या अठरा आणि एकोणीस

"बाई, हात पुढं करा."

समोर मिटलेली मूठ. मुठीच्या फटीतून काहीतरी लोंबत असायचं, आणि लोंबत नसलं तर आत हलत असायचं. खाकी कपड्यातल्या त्या माणसाचा चेहरा मात्र असा, जणू देवळात गुरव तीर्थ देतोय.

शाळेतल्या एकवीस वर्षांत मी हात एकदाही पुढे केला नाही. दोन्ही हात पाठीमागे बांधून एक पाऊल मागे सरायची. मग ते स्वतःच मूठ उघडायचे. कधी धामणीची कात, कधी भिंतीवरून खरवडून काढलेलं पालीचं अंडं. एकदा तर नुकतीच तुटलेली शेपटी होती; पाल केव्हाच पळालेली आणि शेपटी एकटीच त्यांच्या तळहातावर वळवळत होती. मी "शी!" म्हणून तोंडाला रुमाल लावला, की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं.

"घान वाटली तर वाटू द्या, बाई. पन बगा."

ओजस, मीरा, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. गेल्या रविवारी ओजसने फोनच्या कॅमेऱ्यापुढे आपला नवा पाहुणा धरला. पिवळी, ठिपक्याठिपक्यांची, जाड शेपटीची पाल. पैसे देऊन विकत आणलेली पाल! मी किंचाळले, फोन पालथा टाकला आणि उठून गेले. ओजस, तुझा चेहरा किती उतरला ते मीराने मला नंतर कळवलं. तू विचारलंस, आजी, तुला इतकी किळस का येते? त्याचं उत्तर मला माहीत नाही. त्या किळसेपायी मी एकदा काय केलं, ते मात्र माहीत आहे. ते मी तुमच्या आईलाही कधी सांगितलेलं नाही.

मागे तुम्ही इथे आला होतात तेव्हा माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवरून खूप हसलात. चिठ्ठी लिहून झाली तरी मी डब्याचं झाकण उघडते, आत बघते, आणि मगच चिठ्ठी चिकटवते. "साखर ती साखरच ना, आजी?" असं मीरा म्हणाली होती. त्या सवयीचं मूळही याच गोष्टीत आहे.

आमच्याकडे शाळेतल्या शिपायाला मुलं मामा म्हणतात, आणि मुलांचं ऐकून शिक्षकही. मूठ पुढे करणारे हे प्रयोगशाळेतले मामा. पोशीरचे, भातशेतीवाले. सायकल नेरळला ठेवून रोज लोकलने कर्जतला यायचे. शिक्षण चौथीपर्यंत. "पाचवीत इंग्रजी आलं नि मी पळालो," हे ते मला, इंग्रजीच्या बाईला, अशा सुरात सांगायचे, जणू इंग्रजी माझ्या माहेरची कुणीतरी होती.

त्यांच्या राज्यात एकेचाळीस बरण्या होत्या. सरडे, पाली, सापसुरळ्या, एक तळहाताएवढं कासव, घोरपडीचं पिल्लू आणि साप. फार वर्षांपूर्वी विज्ञानाच्या एका शिक्षकांनी पाच-सहा बरण्या भरून ठेवल्या होत्या. ते बदलून गेले, आणि बाकीच्या मामांनी भरल्या. रस्त्यावर चाकाखाली आलेले, विहिरीत बुडालेले, लोकांनी काठीने मारलेले. त्यांनी स्वतः एकही मारला नाही. "मारल्यालं आनतो. मारून आनत नाय," हे ते ठासून सांगायचे. प्रत्येक बरणीवर त्यांच्या हातची मराठी चिठ्ठी. अक्षर वेडंवाकडं, पण नाव बरोबर.

माझा वर्ग प्रयोगशाळेला लागून. मधल्या दाराखालून फॉर्मॅलिनचा वास यायचा आणि डोळ्यांत पाणी आणायचा. मी त्या दाराच्या फटीला जुन्या कापडाची वळकटी लावून ठेवली होती. एकदा मधल्या सुट्टीत खडूचा डबा मागायला गेले, तर मामा त्या बरण्यांच्याच टेबलावर डबा उघडून बसलेले. भाकरी, सुकट, कांदा, आणि वितभर अंतरावर पांढरा पडलेला, पोट फुगलेला सरडा, काचेला नाक लावून.

"मामा, इथे कसं जेवण जातं हो तुम्हाला?"

"जातं की. तो कुटं मागतोय?"

मग म्हणाले, "त्याला लागतच नाय फारसं. तुमाला म्हाईत हाय का बाई, यांची चूल भायेर आसते. आपली पोटात. आपल्याला चूल पेटती ठेवायची म्हनून दिसातनं दोनदा ढकलायचं. ह्यो उन्हात जाऊन बसला की झालं. म्हैना-म्हैना न खाता ऱ्हातो."

थंड रक्ताचे प्राणी, हे आम्ही पुस्तकात शिकलो आणि परीक्षेत लिहून आलो. हा माणूस चुलीच्या हिशेबात ते एका घासाबरोबर सांगून मोकळा झाला. मला ते पटलं, आणि किळस तसूभरही कमी झाली नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी होऊ शकतात.

आणखी एकदा त्यांनी मला व्हरांड्यातल्या ट्यूबलाइटजवळची पाल दाखवली. "आता बगा काय करती." पालीने जीभ बाहेर काढली आणि स्वतःचा डोळा चाटून पुसला.

"शी! मामा!"

"तिला पापनी नाय, बाई. काच बसवल्याली हाय डोळ्यावर. मंग धूळ बसली तर पुसायची कशानं? तुमच्यावानी रुमाल हाय का तिच्याकडं?"

मी रुमाल पटकन पर्समध्ये टाकला. व्हरांड्यातली मुलं खदखदून हसली.

दर वर्षी शाळा सुरू झाली, की पहिल्या आठवड्यात मामा दोन बरण्या घेऊन वर्गावर्गात फिरायचे. त्यासाठी कुणी त्यांना सांगितलेलं नव्हतं आणि कुणी अडवतही नव्हतं. एका बरणीत कवड्या साप, दुसरीत मण्यार. दोन्ही काळपट, दोन्हींवर पांढरे पट्टे, दोन्ही पावसाळ्यात घरात येणारे. कवड्याला विष नाही. मण्यारीचं विष नागापेक्षा जहाल, आणि ती चावते तेव्हा मुंगीएवढंही कळत नाही. सूज नाही, रक्त नाही. काही तासांनी पापण्या मिटायला लागतात, आणि मग श्वास.

"कवड्याचं पट्टं मानंपासनं सुरू, शेपटीकडं पुसाट," मामा बरणी वर धरून सांगायचे. "मण्यारीचं उलटं. मान कोरी, शेपूट भरल्याली. मान कोरी ती कोन रं?"

"मण्यार!" सगळा वर्ग ओरडायचा.

"नि वळख पटली नाय तर?"

"मण्यारच समजायची!"

"नि काय करायचं?"

"गाडी शोधायची!"

भिंतीपलीकडून हा गोंधळ ऐकून मी कपाळाला आठ्या घालायची. माझा तास बुडायचा.

मग आमच्याकडे नवे हेडसर आले. त्यांना शाळा नीटनेटकी हवी होती, आणि त्या बाबतीत माझं आणि त्यांचं लगेच जमलं. प्रयोगशाळेतल्या बरण्या व्हरांड्यात काचेच्या नव्या कपाटात मांडायच्या, येणाऱ्या पाहुण्यांना दिसतील अशा, आणि जुन्या चिठ्ठ्या खरवडून प्रत्येकीवर इंग्रजीत छान कार्ड लावायचं, असं त्यांनी ठरवलं. मराठी नाव नको, इंग्रजीच हवं. शाळेत इंग्रजी अक्षर सर्वांत सुबक कुणाचं? माझं. मे महिन्याच्या सुट्टीतले चार दिवस त्या वासात बसणं माझ्या नशिबी आलं.

पहिले दोन दिवस बरे गेले म्हणायचे. मामा एकेक बरणी पुसून टेबलावर ठेवायचे, मराठी नाव सांगायचे. मी पुस्तकात इंग्रजी नाव शोधून काळ्या शाईने कार्ड लिहायची. ते डिंकाने चिकटवायचे. मामा गप्प बसायचे नाहीत. एका छोट्या बरणीत पालीची अंडी होती. ती हातात फिरवत म्हणाले, "बेडकीला पोरांसाठी डबकं शोधाया लागतं. डबकं आटलं की पोरं मेली. मंग कवातरी, लई जुनी गोष्ट हाय, यांच्या कुनी पनजीनं डोकं चालवलं. डबकंच अंड्यात भरून घेतलं, वर कवच घातलं, नि निगाली कोरड्या रानात. तवापासनं यांना पान्याकाठी ऱ्हायाची गरज नाय."

"आणि खवले?"

"रेनकोट. पन उलटा. भायेरचं पानी आत येऊ नये म्हनून नव्हं. आतलं भायेर जाऊ नये म्हनून."

मी पुस्तकात पाहिलं. पुस्तकात तेच दीड पान होतं.

तिसऱ्या दिवशी साप सुरू झाले. ते बरणीत गुंडाळी करून बसतात, आणि काच गोल असल्याने जवळून मोठे दिसतात. काहींचं तोंड उघडं राहिलेलं. काहींच्या पोटाची कातडी सुटून पाण्यात जळमटासारखी तरंगणारी. मी नाकातोंडावर रुमाल बांधला. मग खुर्ची तिरकी केली. मग बरणी आली की छताकडे बघायला लागले. छतावर पंखा होता. त्याची तीन पाती मला अजून आठवतात. एकाच्या टोकाला गंज चढला होता.

"बाई, बगून लिवा."

"दिसतंय मला, मामा. नाव सांगा."

अठरा आणि एकोणीस नंबरच्या बरण्या त्यांनी एकदम आणल्या. एकेका हातात एकेक. टेबलापलीकडे माझ्यासमोर उभे राहिले.

"ही जोडी हाय. शेजारी शेजारीच बगायची. आता नीट बगा, बाई."

"सांगा."

"डावी कवड्या. उजवी मण्यार."

मी दोन कार्डं लिहिली. पंख्याकडे बघत बरण्या खाली ठेवल्याचा आवाज ऐकला आणि कवड्याचं कार्ड डाव्या बरणीपुढे सरकवलं, मण्यारीचं उजव्या बरणीपुढे. मामांनी दोन्ही चिकटवली. कवड्याचं माझ्या डाव्या बरणीवर, मण्यारीचं माझ्या उजव्या बरणीवर. मामा माझ्यासमोर उभे होते, मुलांनो. त्यांची डावी ती माझी उजवी.

डोळे खाली करून एकदा बघितलं असतं तर पुरे होतं. बरणी दाखवत असताना बोट कुठे आहे एवढं बघितलं असतं तरी चाललं असतं. मी बघितलं नाही. जुन्या मराठी चिठ्ठ्या त्याआधीच खरवडून झाल्या होत्या, आणि नवं कार्ड मामांना वाचता येत नव्हतं.

कपाट सुरेख दिसलं. पाहुण्यांनी माझ्या अक्षराचं कौतुक केलं. शाळा उघडली तेव्हा मामा सवयीने दोन बरण्या काढायला गेले, तर हेडसर म्हणाले, "आता कशाला, मामा? कार्डं आहेत. मुलं वाचतील. इंग्रजीही सुधारेल." किल्ली त्यांनी आपल्या कपाटात ठेवली. मी तिथे होते. माझा तास आता बुडणार नाही, याचं मला बरं वाटलं.

पुढच्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. नववीचा इंग्रजीचा तास, सकाळची वेळ. डोंगराच्या पायथ्याच्या ठाकूरवाडीतून येणारी एक मुलगी दुसऱ्या बाकावर बसायची. आदल्या वर्षी आठवीत ती आमच्या शाळेत आली, तेव्हा मामांची बरण्यांची फेरी बंद झालेली. हुशार. दिसेल ती पाटी मोठ्याने वाचणारी. दुकानाची, दवाखान्याची, बिस्किटाच्या पुड्यावरची. कपाटातल्या कार्डांवरच्या नावांचे मराठी अर्थही तिने मला विचारून घेतले होते. मी वर्गाला नेहमी सांगायची, ऐकीव गोष्टींवर जाऊ नका, लिहिलेलं वाचा. ते सर्वांत मनावर घेतलं होतं तिने.

त्या दिवशी ती पेंगत होती. मी दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा म्हणाले, "झोपायचं असेल तर घरी झोप. उभी राहा."

ती बाकाला धरून उठली. शब्द जड येत होते. "बाई, डोळंच उघडत नाय."

मुलं हसली. मीही ओठ आवळून उभी राहिले. तेवढ्यात मामा सूचनेची वही घेऊन दारात आले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, वही माझ्या टेबलावर टाकली आणि सरळ बाकांमधून आत गेले. तिची हनुवटी वर केली.

"काय चावलं गं तुला?"

"कवड्या, मामा. पहाटं. गोधडीत व्हता. बापानं मारला."

"पट्टं कुटनं व्हतं?"

"शेपटीकडं दाट... आजी म्हनली मण्यार हाय, गाडी बगा. मी म्हनलं नाय गं आजे, शाळंत लिवलंय. असाच हाय, खाली वुल्फ स्नेक लिवलंय..."

मामांनी पुढचं ऐकलं नाही. तिला उचललं, तशीच. शाळेबाहेर विटांचा टेंपो उभा होता. चालक म्हणाला, "मामा, माल हाय आत." मामा म्हणाले, "माल ऱ्हाऊ दे, तू चल." मी फाटकापर्यंत धावत गेले तेव्हा टेंपो वळला होता. एक-दोन विटा रस्त्यावर पडल्या होत्या.

पोरगी वाचली. आधी इथल्या सरकारी दवाखान्यात लस दिली, मग मुंबईच्या मोठ्या इस्पितळात श्वासाच्या यंत्रावर ठेवली. तिची आजी बाहेर भिंतीला टेकून बसलेली असायची. मी भेटायला गेले तेव्हा मला म्हणाली, "बाई, म्हातारीचं काय खरं धरायचं? ती शिकल्याली पोर." तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच मला तिथे उभं राहवेना.

मुलगी शुद्धीवर येऊन बोलू लागली तेव्हा तिचा बाप शाळेत आला. हात जोडून म्हणाला, "पोरगी म्हनते, शाळंत तसं लिवलंय. एकदा बगा म्हनून आलो."

हेडसरांनी कपाट उघडलं. मी होते, मामा होते. मामांनी एकोणीस नंबरची बरणी बाहेर काढली, वर धरली आणि मला विचारलं, "काय लिवलंय, बाई?"

मी वाचलं. "वुल्फ स्नेक."

"मंजे?"

"कवड्या."

मामांनी बरणीकडे बघितलं. मान कोरी, शेपूट भरलेली. मग माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. एखादी पाल ट्यूबमागे सरकते तेवढाच वेळ. मग हेडसरांकडे वळले.

"माज्याकडनं झालं, सर. चिकटवताना उलटी लागली."

"इंग्रजी येत नाही तर हात कशाला लावता?" हेडसर कडाडले. "मुलीचा जीव गेला असता!"

"व्हय, सर."

माझ्या हातात रुमाल होता. त्याची मी घडी घातली, उलगडली, परत घातली. मी बोलले नाही. मुलांनो, मी कारणं शोधू शकते. बाप समोर उभा होता, हेडसर रागावले होते, माझी बढती होणार होती. पण खरं एवढंच, की मी बोलले नाही.

मामांना प्रयोगशाळेतून काढून फाटकावर बसवलं. घंटा वाजवायची, गाड्या मोजायच्या, उशिरा येणाऱ्यांची नावं लिहायची.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी हेडसरांकडून किल्ली मागून घेतली. म्हटलं, कार्डं मी बदलते. अठरा आणि एकोणीस नंबरच्या बरण्या टेबलावर ठेवल्या आणि पहिल्यांदा बघितलं. रुमाल न लावता. मण्यारीचा रंग उडून मातकट झाला होता. पाठीच्या मधोमध मोठ्या खवल्यांची एक ओळ, गुंफलेल्या वेणीसारखी. मान स्वच्छ. मग एक पुसट पट्टा, मग जोडीजोडीने पट्टे, शेपटीपर्यंत ठळक होत गेलेले. कवड्या तिच्यापेक्षा बारीक, मानेवरच रुंद पट्टा, पुढे विरत गेलेला. पाच वर्षांचं पोरही चुकणार नाही इतका फरक. माझ्या अंगावर शहारा आला, तोंडात आंबट पाणी आलं. ते सापांमुळे आलं की माझ्यामुळे, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. दोन्ही गिळलं आणि कार्डं बदलली. खाली बारीक अक्षरात मराठी नावंही लिहिली.

मामा त्यानंतर चार वर्षं फाटकावर होते. रोज सकाळी "नमस्कार, बाई" म्हणायचे. मूठ कधी पुढे आली नाही. फाटकाच्या दगडी खांबावर सरडे येऊन बसायचे; मी बघायची की मामा त्यांच्याकडे बघतायत. मला बोलवायचे नाहीत. त्या आवाजाची मी वाट बघायला लागले, हे सांगितलं तर तुम्हाला खरं वाटणार नाही.

ती मुलगी आता दोन मुलांची आई आहे. तिच्या लग्नात तिने मला हाताला धरून पंगतीत बसवलं, स्वतः वाढलं. तिला अजून वाटतं, की चिठ्ठ्या मामांनी उलट्या लावल्या. "मामांनीच चुकी केली नि मामांनीच वाचवलं," असं ती हसून सांगते. हे लिहून झालं की मी तिच्या वाडीवर जाणार आहे. तुम्हाला आधी सांगितलं, कारण तुम्ही लांब आहात, आणि लांबच्या माणसाला सांगणं सोपं असतं.

आणि ओजस, येत्या रविवारी ती तुझी पाल पुन्हा कॅमेऱ्यापुढे धर. तिकडच्या बर्फात तिच्यासाठी दिवा लावून ठेवतोस म्हणालास. म्हणजे तिची चूल तू पेटती ठेवली आहेस. मला किळस येईल. मी फोन टाकणार नाही.

मामा आता नाहीत. ते जायच्या आधीच्या हिवाळ्यात मी एकदा पोशीरला गेले होते. भात कापून झालेलं, खळ्यात पेंढ्याची उडवी, आणि ओटीवर बाजेवर मामा, कांबळीत गुंडाळलेले. इतके वाळले होते, की कांबळीखाली कुणी आहे असं वाटेना. सुनेने मला पाट दिला आणि चहा ठेवायला आत गेली.

मी चांगली तयारी करून गेले होते. वाक्यं ठरवलेली. पण तोंडातून एवढंच आलं, "मामा, ती कार्डं मी उलटी ठेवली होती."

"म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"कपाट उघडून बरनी भायेर काडली तवापासनंच. डावी-उजवी म्हनलो, पन कुनाची ते म्हनलो नाय." ते थांबले, दम घेतला. "तुमी पंख्याकडं बगत व्हतात. मी बगितलं व्हतं. बोललो नाय. मला वाटलं, येवढ्या शिकल्याल्या, यांना बगायची गरज नसंल."

मी म्हटलं, "मग हेडसरांना का नाही सांगितलंत?"

"पोरी तुमचं ऐकून वाचायला शिकत व्हत्या, बाई. त्यांचा इस्वास मोडून काय करायचं? माजं काय, घंटा वाजवाया इंग्रजी लागत नाय."

आतून सुनेने विचारलं, साखर किती. मामांनीच सांगितलं, "बाईंना कमी." एकवीस वर्षांत मी त्यांच्यासोबत एकदाही चहा घेतला नव्हता; मला साखर कमी लागते ही माहिती त्यांनी शिक्षकांच्या खोलीत कप देताना जमवलेली.

मग त्यांचा एक हात कांबळीबाहेर आला. मूठ मिटलेली.

"बाई, हात पुढं करा."

मी हात पुढे केला. डोळे उघडे ठेवून, तळहात वर करून. आत काहीही असू दे, ठरवलं, मागे घ्यायचा नाही. मामांनी मूठ माझ्या तळहातावर टेकवली आणि सावकाश उघडली.

आत काही नव्हतं.

"आता पकडाया कोन जातो?" ते हसले. दात नव्हते. "हात आला, बास."

त्यांचा हात माझ्या हातात राहिला. कातडी कोरडी, सुटलेली, मनगटाजवळ पापुद्रे निघालेले, आणि गारठलेली. क्षणभर मला किळस आली. हो, तेव्हाही. मी बघत राहिले आणि हात सोडला नाही.

ओटीच्या कडेला ऊन आलं होतं, बाजेपासून दोन हातांवर. मामांनी मानेनेच तिकडे खूण केली.

"जरा उन्हाला सरकवा, बाई. आता माजी बी चूल भायेर गेली."

मी पदर खोचला आणि बाजेचा पाय धरून ओढलं. सून चहाचे कप खाली ठेवून दुसऱ्या बाजूने लागली. बाज करकरत सरकली. ऊन आधी त्यांच्या पायांवर आलं, मग पोटावर, मग तोंडावर. मामांनी डोळे मिटले, मान किंचित वर उचलली, फाटकाच्या खांबावरचे ते सरडे उचलायचे तशी, आणि हलायचे थांबले. फक्त गळ्याखालची कातडी श्वासाबरोबर वर-खाली होत होती.

चहा निवत होता. मी पाटावर बसून बघत राहिले.